छोट्या महाविद्यालयाचा बास्केटबॉल संघ: खेळाडूंची यादी, प्रशिक्षक आणि जमाखर्च (लेख आणि त्यावरील वाचकांची चर्चा)

सहावा गडी

१८ मार्च २०२५ रोजी ओहायोतील डेटन येथे सेंट फ्रान्सिस विद्यापीठाचा पुरुषांचा बास्केटबॉल संघ अलाबामा स्टेटकडून ७०–६८ असा हरला. शेवटच्या क्षणी मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडून लांबवर फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हाती लागला आणि एक सेकंद शिल्लक असताना त्यांनी तो बास्केटमध्ये घातला. पेनसिल्व्हेनियातील लॉरेटो या डोंगरातल्या लहानशा गावचे हे फ्रान्सिस्कन विद्यापीठ एनसीएए या अमेरिकन महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धेत १९९१ नंतर प्रथमच पोहोचले होते. त्यानंतर बरोबर एका आठवड्याने, २५ मार्चला, विद्यापीठाने जाहीर केले की २०२६–२७ पासून आपले सगळे संघ डिव्हिजन वन ही सर्वोच्च श्रेणी सोडून तिसऱ्या श्रेणीत, म्हणजे डिव्हिजन थ्रीमध्ये, खेळतील. मुख्य प्रशिक्षक रॉब क्रिमेल १९९६ मध्ये तेथे खेळाडू म्हणून आले, पदवीनंतर तेथेच सहायक प्रशिक्षक झाले आणि २०१२ पासून संघाची धुरा सांभाळत होते. त्यांनीही याच सुमारास निवृत्ती पत्करली.

निर्णयाची वेळ पाहून अनेकांना धक्का बसला. जिंकून आलेल्या संघाला कोणी खालच्या श्रेणीत पाठवते का, हा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु अशा महाविद्यालयाचे खेळाडू, प्रशिक्षक आणि पैसा यांचा हिशेब एकत्र मांडला तर हा निर्णय तितका विचित्र वाटत नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे की डिव्हिजन वनमध्ये यादीतील प्रत्येक नाव खर्चाच्या बाजूला पडते आणि डिव्हिजन थ्रीमध्ये तेच नाव जमेच्या बाजूला येते. बाकीच्या बहुतेक गोष्टी यातूनच निघतात.

ज्यांना ही रचना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने लिहितो. डिव्हिजन वनमध्ये बास्केटबॉलसाठी कित्येक वर्षे पुरुषांच्या १३ आणि महिलांच्या १५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, आणि या शिष्यवृत्त्या पूर्ण असत, म्हणजे शिकवणी शुल्क, राहणे, जेवण, पुस्तके हे सारे त्यात येई. शिवाय डिव्हिजन वनमध्ये राहायचे तर किमान १४ खेळांचे संघ चालवावे लागतात. बास्केटबॉल हा त्यातला दर्शनी खेळ. त्याच्या मागे धावणे, सॉकर, सॉफ्टबॉल, व्हॉलीबॉल अशी सगळी वरात असते. निर्णयाच्या वेळी सेंट फ्रान्सिसकडे वीसहून अधिक खेळ होते.

डिव्हिजन थ्रीमध्ये क्रीडा शिष्यवृत्ती अजिबात देता येत नाही. खेळाडूला मदत मिळते ती इतर विद्यार्थ्यांना मिळते त्याच निकषांवर, म्हणजे गुणवत्तेवर किंवा घरच्या आर्थिक स्थितीवर. आणि खेळाडूंना इतरांपेक्षा झुकते माप दिले जात नाही ना, हे दरवर्षी तपासले जाते. त्यामुळे तेथे प्रशिक्षकाने आणलेला प्रत्येक मुलगा किंवा मुलगी म्हणजे शुल्क भरणारा आणखी एक विद्यार्थी. वर्गात जागा रिकाम्या असलेल्या महाविद्यालयाला याचे मोल किती, हे वेगळे सांगायला नको. म्हणूनच डिव्हिजन थ्रीच्या याद्यांत अनेकदा अठरा-वीस, कधी त्याहूनही अधिक नावे दिसतात आणि मुख्य संघाबरोबर कनिष्ठ संघही चालवला जातो. त्यातील निम्म्या मुलांना सामन्यात फारसे उतरायला मिळत नाही, पण शुल्क सगळेच भरतात.

आता गेल्या काही वर्षांत डिव्हिजन वनचा खर्च कसा वाढत गेला ते पाहू. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर (जाहिराती वगैरेंतून) पैसे मिळवण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी एकदा महाविद्यालय बदलले तर वर्षभर बाहेर बसण्याची अट गेली, आणि २०२४ मध्ये कितीही वेळा बदलण्याची मोकळीक मिळाली. ६ जून २०२५ रोजी खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या हाउस खटल्यातील तडजोडीला न्यायालयाने मान्यता दिली. तिच्यात सहभागी झालेल्या विद्यापीठांना २०२५–२६ साठी खेळाडूंना थेट २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत वाटण्याची परवानगी मिळाली आणि बास्केटबॉलमध्ये शिष्यवृत्त्यांच्या मर्यादेऐवजी १५ खेळाडूंच्या यादीची मर्यादा आली. जुन्या खेळाडूंना भरपाई म्हणून द्यायच्या २८० कोटी डॉलरपैकी बराच भाग एनसीएए आपल्या वाटपात दहा वर्षे कपात करून उभा करणार आहे, आणि ही कपात ज्यांनी कधी कोणाला एक डॉलरही दिला नाही अशा छोट्या महाविद्यालयांच्या वाट्यातूनही होणार आहे. लॉरेटोच्या विश्वस्तांनी या आदेशाची वाट पाहिली नाही, इतकेच.

हे पहिलेच उदाहरणही नव्हे. हार्टफर्ड विद्यापीठाचा संघ २०२१ च्या मार्चमध्ये प्रथमच एनसीएए स्पर्धेत खेळला, पुढे विजेत्या ठरलेल्या बेलरकडून हरला, आणि मे महिन्यात तेथील विश्वस्तांनी डिव्हिजन थ्रीत जाण्याचे ठरवले. ब्रुकलिनच्या सेंट फ्रान्सिस कॉलेजने (हे लॉरेटोच्या विद्यापीठाहून वेगळे) तर २०२३ मध्ये आपले सर्व २१ संघ बंद केले. न्यू यॉर्क शहरातील महाविद्यालयीन बास्केटबॉलची सर्वात जुनी परंपरा त्यांची होती.

आणि लॉरेटोची परंपरा काही कमी नाही. मॉरिस स्टोक्स १९५५ मध्ये याच संघातून बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी एनबीएचे सर्वोत्तम नवोदित ठरले. १९५८ मध्ये डोक्याला मार लागून ते अपंग झाले, तेव्हा एनबीए संघातील सहकारी जॅक ट्वायमन यांनी त्यांचे पालकत्व घेतले. स्टोक्स यांना लॉरेटोलाच पुरले आहे आणि तेथील क्रीडागृहही त्यांच्याच नावाने आहे. अशा ठिकाणी श्रेणी सोडण्याचा निर्णय विश्वस्तांनी हसतखेळत घेतला असेल असे मला वाटत नाही.

जर्सीकर

लेख माहितीपूर्ण आहे, परंतु निष्कर्ष मला पूर्ण पटत नाही. आमच्या जर्सी सिटीच्या सेंट पीटर्स विद्यापीठाचे उदाहरण आपण का घेतले नाही? न्यूअर्क ॲव्हेन्यूवरच्या इंडिया स्क्वेअरमध्ये किराणा आणि मिठाई घ्यायला येणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांना हे जेझुइट विद्यापीठ तेथून जवळच, केनेडी बुलेव्हार्डवर आहे याचा २०२२ च्या मार्चपर्यंत पत्ताही नव्हता. १७ मार्चला त्यांनी केंटकीला अतिरिक्त वेळेत ८५–७९ असे हरवले, मग मरे स्टेटला, मग पर्ड्यूला ६७–६४ असे हरवले, आणि गटातील सोळांपैकी पंधराव्या मानांकनाचा संघ शेवटच्या आठांत पोहोचण्याची ती इतिहासातील पहिलीच वेळ ठरली.

त्या वेळी सर्वत्र छापून आलेले आकडे आठवून पाहा. सेंट पीटर्सचा पुरुष बास्केटबॉलवरचा वार्षिक खर्च सुमारे १६ लाख डॉलर होता, तर केंटकीचा १ कोटी ८० लाखांच्या पुढे. प्रशिक्षक शहीन हॉलोवे यांचे वेतन सुमारे २ लाख ६६ हजार, तर केंटकीच्या जॉन कॅलिपारी यांचे ८० लाखांहून अधिक. एवढ्या पैशात इतकी प्रसिद्धी कोणत्या जाहिरातीने मिळाली असती? डिव्हिजन थ्रीमध्ये असते तर देशाने सेंट पीटर्सचे नावही ऐकले नसते.

सहावा गडी

जर्सीकर, प्रसिद्धी मिळाली याबद्दल वाद नाही. पण त्या प्रसिद्धीनंतर विद्यापीठाच्या हाती काय राहिले, तेही पाहावे लागेल.

२७ मार्चला नॉर्थ कॅरोलायनाकडून ६९–४९ असा पराभव झाला आणि तीनच दिवसांत हॉलोवे सीटन हॉलचे प्रशिक्षक झाले. ते त्यांचेच जुने महाविद्यालय असल्याने त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पाठोपाठ के. सी. एनडेफो सीटन हॉललाच गेला, डॅरिल बँक्स सेंट बोनाव्हेंचरला, मिशीवाला डग एडर्ट ब्रायंटला, ड्रामे जुळे भाऊ ला सालला, मॅथ्यू ली मिझुरी स्टेटला आणि क्लॅरेन्स रुपर्ट सदर्न इलिनॉयला. ज्या मुलांना माध्यमिक शाळेत असताना कोणा मोठ्या विद्यापीठाने विचारले नव्हते त्यांना या विद्यापीठाने तीन-चार वर्षे शिकवून तयार केले, आणि पीक हाती आले तेव्हा कापणीला दुसरेच हजर झाले.

पैशाचेही तसेच. एनसीएए स्पर्धेत खेळलेल्या (अंतिम सामना सोडून) प्रत्येक सामन्याचा एक हिस्सा, ज्याला युनिट म्हणतात, मिळतो. त्या वर्षीच्या एका युनिटची किंमत सहा वर्षांत मिळून सुमारे २० लाख डॉलर होती. सेंट पीटर्सने चार युनिट मिळवली, म्हणजे ८० लाखांच्या आसपास. मात्र हे पैसे विद्यापीठाला मिळत नाहीत, ते त्याच्या कॉन्फरन्सला, म्हणजे आपापसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाला, मिळतात, आणि तेव्हाच्या मेट्रो अटलांटिक कॉन्फरन्समध्ये ११ सदस्य होते. सगळ्यांत वाटून आणि सहा वर्षांत पसरून सेंट पीटर्सच्या पदरात दरवर्षी काय पडत असेल त्याचा अंदाज आपणच करा. एका अनुभवी सहायक प्रशिक्षकाच्या पगारापलीकडे फारसे काही उरत नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. वॅगनरहून आणलेल्या बशीर मेसन यांनी संघ नव्याने बांधला आणि २०२४ मध्ये कॉन्फरन्सचे विजेतेपद मिळवून पुन्हा एनसीएए गाठली. तेथे टेनेसीकडून ८३–४९ अशी धूळ चाखावी लागली. योग्य प्रशिक्षक सापडला तर कमी पैशातही संघ उभा राहतो. पण तो दर दोन वर्षांनी पुन्हा शून्यातून उभा करावा लागतो, याचा खर्च कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

हिशेबनीस

व्यवसायाने मी लेखापरीक्षक आहे, म्हणून आकड्यांविषयी दोन शब्द लिहितो, कारण या विषयावर सार्वजनिक आकडे भरपूर असले तरी ते वाचताना फसगत व्हायला वेळ लागत नाही.

अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार, केंद्र सरकारची विद्यार्थी मदत घेणाऱ्या आणि आंतरमहाविद्यालयीन संघ चालवणाऱ्या प्रत्येक सहशिक्षण महाविद्यालयाला दरवर्षी खेळांचा अहवाल द्यावा लागतो. त्यात प्रत्येक संघाचे खेळाडू किती, पुरुष आणि महिला संघांवर खर्च किती, प्रशिक्षकांचे सरासरी वेतन किती, हे सारे असते आणि शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. खासगी महाविद्यालय असेल तर त्याचा फॉर्म ९९०, म्हणजे करखात्याला दिलेले विवरणपत्र, पाहावा. सर्वाधिक पगार घेणाऱ्या कर्मचाऱ्यांची नावे आणि रकमा त्यात असतात. हॉलोवे यांचा आकडा असाच बाहेर येतो.

आता फसगतीच्या जागा. पहिली म्हणजे छोट्या महाविद्यालयांच्या अहवालात बास्केटबॉलचे उत्पन्न आणि खर्च अनेकदा डॉलरपर्यंत तंतोतंत जुळतात. हा व्यवस्थापनाचा चमत्कार नाही. महाविद्यालयाने आपल्या सर्वसाधारण निधीतून दिलेली रक्कमही तेथे उत्पन्न म्हणून दाखवता येते, त्यामुळे जेवढा खर्च तेवढीच मदत उत्पन्नाच्या रकान्यात लिहिली की हिशेब जुळतो. तिकिटांतून आणि देणग्यांतून खरोखर किती आले हे त्या अहवालातून कळतच नाही.

दुसरी जागा म्हणजे त्यात खर्चाचे दोन वेगळे आकडे असतात. सामन्यांचा खर्च म्हणजे प्रवास, मुक्काम, जेवण, गणवेश, साहित्य आणि पंच. एकूण खर्चात याशिवाय वेतन, शिष्यवृत्त्या आणि नव्या खेळाडूंच्या शोधाचा खर्च येतो. दोन महाविद्यालयांची तुलना करताना लोक एकाचा पहिला आकडा आणि दुसऱ्याचा दुसरा आकडा घेतात आणि मग वाद रंगतात.

तिसरी जागा महिला संघांची. अनेक महिला संघ सरावासाठी पुरुष विद्यार्थी बोलावतात, आणि अहवालाच्या नियमांनुसार हे पुरुष महिला संघाच्या खेळाडूंत मोजले जातात. यादीत २२ दिसतात आणि संकेतस्थळावरच्या छायाचित्रात १५ मुली असतात, तेव्हा उरलेले कोण याचे उत्तर हे असू शकते. टायटल नाइनच्या, म्हणजे शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणाऱ्या कायद्याच्या, पालनाचा प्रश्न असतो तेथे ही पद्धत मला तरी खटकते.

मूळ लेखातील एका मुद्द्याला मात्र पुरवणी जोडायला हवी. शिष्यवृत्ती हा खर्च पुस्तकात पूर्ण शुल्काच्या दराने लिहिला जातो. पण वर्गात आणि वसतिगृहात जागा रिकामीच असेल तर तो खेळाडू आल्याने महाविद्यालयाच्या खिशातून प्रत्यक्ष जाते ते जेवण आणि विमा यांपुरतेच. त्यामुळे ‘डिव्हिजन वन सोडल्याने शिष्यवृत्त्यांचे इतके कोटी वाचले’ हे वाक्य अर्धवट असते. ती जागा शुल्क भरणाऱ्या कोणी घेतली तरच बचत खरी. रोखीने खरोखर वाचतो तो प्रवास, पगार आणि कर्मचारी.

बाकावरून

डिव्हिजन थ्रीच्या एका महाविद्यालयात मी अर्धवेळ सहायक प्रशिक्षक म्हणून काम केले आहे, तेव्हा प्रशिक्षकांची बाजू लिहितो.

डिव्हिजन वनमध्ये मुख्य प्रशिक्षक, तीन सहायक, आणि २०२३–२४ पासून आणखी दोन सहायक ठेवता येतात. शिवाय बलसंवर्धन प्रशिक्षक, चित्रफिती कापणारा, संघ व्यवस्थापक असे लोक वेगळे. छोट्या डिव्हिजन वन महाविद्यालयांत या जागा कागदावर असतात, परंतु त्यांवर बसलेल्या तरुण मंडळींना मिळणारा पगार ऐकला तर आपण पुन्हा विचाराल. ते टिकत नाहीत, कारण शेजारचे विद्यापीठ थोडे अधिक देते. आणि जाताना त्यांनी जोडलेले खेळाडूही त्यांच्यामागे जातात.

डिव्हिजन थ्रीमध्ये बहुतेक ठिकाणी एक पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक आणि एखादा पूर्णवेळ सहायक असला तर नशीब. बाकी सारे अर्धवेळ किंवा पदव्युत्तर शिक्षण घेणारे, ज्यांना वेतनाऐवजी शुल्कमाफी मिळते. आमच्याकडे सामन्याच्या दिवशी मीच गणवेश धुऊन मोजून ठेवत असे, मीच व्हॅनच्या चाव्या घेऊन बसे आणि परतीच्या वाटेवर पंचवीस सँडविचची यादी फोनवरून मीच सांगे. मुख्य प्रशिक्षकाकडे बास्केटबॉलबरोबर क्रीडा विभागाचे आणखी एखादे काम असते, उदाहरणार्थ वेळापत्रक, नियमपालन किंवा सगळ्या खेळांच्या सामन्यांची व्यवस्था. आणि वर्षाच्या सुरुवातीला त्याला विचारले जाते ते किती सामने जिंकलास हे नव्हे, तर किती नवे विद्यार्थी आणलेस हे. प्रवेशांचा आकडा त्याच्या कामगिरीच्या मोजमापात असतो. सहावा गडी यांनी जमेची बाजू म्हटली ती प्रशिक्षकाच्या टेबलावर अशी येते.

अर्धे मैदान

‘छोटे’ आणि ‘गरीब’ यांची सरमिसळ होते आहे. आयोवातील ग्रिनेल कॉलेज छोटे आहे, डिव्हिजन थ्रीमध्ये आहे, आणि त्याचा स्थायी निधी २०० कोटी डॉलरच्या वर आहे. त्यांना शुल्कासाठी वीस खेळाडू नको आहेत. तरीही त्यांची यादी लांबलचक असे, कारण प्रशिक्षक डेव्हिड आर्सेनो यांनी पाच-पाच खेळाडूंच्या तुकड्या दर मिनिटभराने बदलणारी धावपळीची पद्धत आणली. बाकावर बसून कंटाळलेली मुले संघ सोडतात, म्हणून सगळ्यांना खेळवायचे, हा तिचा एक हेतू होता. याच पद्धतीत २० नोव्हेंबर २०१२ रोजी जॅक टेलर याने एकट्याने १३८ गुण केले. कॅल्टेकचे तर विचारूच नका: कॉन्फरन्समधील सलग ३१० पराभवांनंतर २२ फेब्रुवारी २०११ रोजी ऑक्सिडेंटलला ४६–४५ असे हरवले, आणि तरी कोणी संघ बंद करण्याची भाषा केली नाही. श्रीमंत महाविद्यालयाला बास्केटबॉल हा विद्यार्थिजीवनाचा भाग म्हणून परवडतो. मूळ लेखातील गणित लॉरेटोला लागू आहे, सर्वांना नाही.

सहावा गडी

मान्य. माझे गणित ज्यांचा संसार मुख्यतः विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालतो त्यांच्यासाठी आहे, आणि अशांची संख्या मोठी आहे.

हिशेबनीस

त्या गणितातही एक खाच आहे. खासगी महाविद्यालये नव्या विद्यार्थ्यांना छापील शुल्कात सरासरी अर्ध्याहून अधिक सूट देतात. समजा छापील शुल्क ४० हजार डॉलर आहे आणि सूट जाऊन हाती १७ हजार येतात. अशा वीस खेळाडूंचे ३ लाख ४० हजार झाले. त्यातून प्रशिक्षक, प्रवास, पंच आणि सभागृहाची देखभाल वजा करा. शिल्लक राहते, पण भाषणांत सांगितली जाते तेवढी नाही. हा केवळ नमुन्याचा हिशेब आहे, कोणा विशिष्ट महाविद्यालयाचा नव्हे. आणि खरा प्रश्न पुढेच आहे: त्या वीसपैकी किती जण संघ नसता तरी त्याच महाविद्यालयात आले असते? तेवढे वजा केल्याशिवाय उरलेल्यांना बास्केटबॉलची कमाई म्हणता येणार नाही. ही वजाबाकी कोणीही जाहीर करत नाही.

जर्सीकर

मग मी आणखी एक उदाहरण देतो. अलाबामातील बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेजने २००६ मध्ये नेमके हेच केले. डिव्हिजन वन सोडून डिव्हिजन थ्रीकडे वळले, शुल्क भरणारे विद्यार्थी वाढावेत म्हणून फुटबॉलही सुरू केला. ३१ मे २०२४ रोजी ते महाविद्यालय कायमचे बंद झाले, आणि त्याच दिवशी त्यांचा बेसबॉल संघ डिव्हिजन थ्रीच्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेत खेळत होता. श्रेणी बदलल्याने महाविद्यालय वाचते असे म्हणता येत नाही.

सहावा गडी

म्हणता येत नाही, आणि मी तसे म्हटलेलेही नाही. बर्मिंगहॅम-सदर्नचा घात कर्ज काढून केलेल्या इमारतींनी आणि स्थायी निधीतून उचललेल्या पैशांनी केला. संघाने ते वाचले नाही, तसे बुडालेही नाही. श्रेणी बदलून क्रीडा विभागाचा तोटा आटोक्यात येऊ शकतो. संस्थेच्या बाकीच्या चुका त्याने भरून निघत नाहीत. हार्टफर्डमध्ये सल्लागारांच्या अहवालाने वर्षाला सुमारे ९० लाख डॉलरच्या बचतीचा अंदाज दिला होता, पण त्या बदलाच्या काळात उरलेल्या डिव्हिजन वन खेळाडूंचे आणि प्रशिक्षकांचे जे हाल झाले ते त्या अंदाजात नव्हते. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये हंगामाच्या तोंडावर प्रशिक्षक जॉन गॅलाघर यांनी राजीनामा दिला. शिष्यवृत्ती मिळणार नाही, स्पर्धेत भाग घेता येणार नाही, अशा संघात कोण राहील? लॉरेटोसाठीही २०२५–२६ चा हंगाम श्रेणी सोडण्याच्या सावटाखालचाच, आणि मला त्यांची खरी काळजी तेथे वाटते.

एडिसनवासी

मी या धाग्यावर वेगळ्या कारणाने आले. माझी मुलगी अकरावीत आहे आणि शाळेच्या संघात पॉइंट गार्ड खेळते. तिला डिव्हिजन थ्रीच्या दोन-तीन छोट्या महाविद्यालयांच्या प्रशिक्षकांकडून पत्रे आली आहेत. घरात आजी-आजोबा ‘स्कॉलरशिप मिळाली’ असे सगळ्यांना सांगत सुटले आहेत. वरचे वाचून मला शंका आली की ही पत्रे निवडीची आहेत की निव्वळ प्रवेशाच्या जाहिरातीची. कसे ओळखावे? आणि महिलांच्या संघांची आर्थिक स्थिती वेगळी असते का?

बाकावरून

ताई, पत्र आले म्हणून निवड झाली असे समजू नका. अशी पत्रे शेकड्यांनी जातात, मीही पाठवली आहेत. प्रशिक्षकाने तिचा सामना प्रत्यक्ष पाहिला का, स्वतः फोन केला का, आणि प्रवेश कार्यालयाकडून तिच्या गुणांचे प्राथमिक मत मागवण्याची तयारी दाखवली का, यावरून खरा रस कळतो. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाडूला बांधणारा करार नसतो, म्हणजे तिलाही नाही आणि प्रशिक्षकालाही नाही.

महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर मागच्या चार वर्षांच्या याद्या सहसा असतात. त्या शेजारी-शेजारी ठेवा. पहिल्या वर्षाला नऊ मुली आणि चौथ्या वर्षाला दोनच, असे दरवर्षी दिसत असेल तर मधल्या सात कुठे गेल्या, हे प्रशिक्षकांना सरळ विचारा. चांगला प्रशिक्षक रागावणार नाही. तिच्या जागेवर खेळणाऱ्या किती जणी आहेत आणि त्या कोणत्या वर्षात आहेत तेही मोजा. मुख्य प्रशिक्षक किती वर्षे तेथे आहेत, सहायक पूर्णवेळ आहे का, कनिष्ठ संघाला खरे सामने मिळतात की नुसताच सराव, हे विचारायला संकोच करू नका.

हिशेबनीस

महिला संघांविषयी: डिव्हिजन थ्रीमध्ये पुरुष आणि महिला संघांच्या खर्चात मोठ्या विद्यापीठांइतकी दरी नसते, कारण दोघांचेही प्रवास आणि सामने बहुधा सारखेच असतात, अनेकदा एकाच संध्याकाळी एकाच सभागृहात पाठोपाठ. वरच्या श्रेणीत चित्र आता कुठे बदलते आहे. २०२४ मध्ये एनसीएएच्या ईएसपीएन या क्रीडावाहिनीशी झालेल्या आठ वर्षांच्या ९२ कोटी डॉलरच्या करारात महिला बास्केटबॉलचे मोल वेगळे धरले गेले, आणि महिला स्पर्धेतील सामन्यांसाठी युनिटचे पैसे २०२५ पासून मिळू लागले. पुरुषांना ते १९९१ पासून मिळत होते. डिव्हिजन थ्रीला यातून थेट काही येत नाही. एनसीएएच्या उत्पन्नाचा ३.१८ टक्के हिस्सा या संपूर्ण श्रेणीसाठी ठरलेला आहे आणि तो मुख्यतः राष्ट्रीय स्पर्धांच्या प्रवासखर्चावर जातो.

आजी-आजोबांना मात्र असे सांगा की मदत मिळेल, पण ती तिच्या गुणपत्रिकेवर आणि तुमच्या उत्पन्नावर मिळेल. प्रत्येक महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर निव्वळ खर्चाचा अंदाज देणारी गणकयंत्रणा असते. प्रशिक्षकाला भेटायला जाण्यापूर्वी ती भरून पाहा. आणि मदतीचे पत्र हाती आले की त्यातील कोणती रक्कम चारही वर्षे कायम राहील आणि किती सरासरी गुण राखावे लागतील, हे आर्थिक साहाय्य कार्यालयाकडून लेखी घ्या. संघ सोडला तरी ती मदत सुटत नाही. डिव्हिजन थ्रीचा हा एक मोठा फायदा आहे, आणि पालकांना तो क्वचितच कोणी सांगतो.

एडिसनवासी

मनापासून आभार. याद्या काढून बसले आहे. पहिल्याच महाविद्यालयात गेल्या चार वर्षांत तीन मुख्य प्रशिक्षक झालेले दिसतात, तेव्हा त्यांना पाठवण्याच्या प्रश्नांत तो प्रश्न सर्वात वर घालते.